केबल बंद केल्यानंतरचे एक वर्ष : फ्री डिश, यूट्यूब प्रीमियम आणि जाहिरातींचा हिशोब

२०२५ च्या गुढीपाडव्यानंतरच्या आठवड्यात आम्ही नाशिकच्या इंदिरानगरमधील आमच्या घराची केबल जोडणी बंद केली. घरात दोन टीव्ही आहेत, एक दिवाणखान्यात आणि एक सासूबाईंच्या खोलीत. पहिल्यासाठी महिन्याला ३७० आणि दुसऱ्यासाठी २५५, म्हणजे वर्षाला ७,५०० रुपये आम्ही देत होतो. आता सासूबाईंच्या खोलीत डीडी फ्री डिश ही छत्रीवरून चालणारी मोफत सेवा आहे, दिवाणखान्यात जाहिरातींविना यूट्यूब दाखवणाऱ्या यूट्यूब प्रीमियमचा फॅमिली प्लॅन आहे आणि वर्षातले मोजके महिने एखादे दुसरे ॲप घेतले जाते. या व्यवस्थेला वर्ष झाले. शेजारीपाजारी आणि नात्यात अनेकांनी चौकशी केली, आणि घरखर्चाची वही माझ्याकडेच असते, म्हणून या सेवांविषयीचे माझे मत आकड्यांसह येथे मांडत आहे.

केबल सोडण्यापूर्वी मी एक महिनाभर टीव्हीशेजारी कागद ठेवला होता आणि जी वाहिनी कोणी पाच मिनिटांपेक्षा जास्त पाहील तिचे नाव लिहायला सर्वांना सांगितले होते. महिन्याच्या शेवटी कागदावर अकरा नावे होती. आमच्या पॅकमध्ये वाहिन्या दोनशेहून अधिक होत्या. केबलचे बिल कसे बनते हे पुष्कळांना ठाऊक नसते, म्हणून थोडे सांगते. १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेल्या ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, दरव्यवस्थेत वाहिन्यांच्या किमतीखेरीज नुसत्या जोडणीचे शुल्क वेगळे असते. ते सुरुवातीला शंभर वाहिन्यांसाठी जास्तीत जास्त १३० रुपये होते आणि १८ टक्के वस्तू व सेवा कर धरून १५३ रुपये ४० पैसे होत. पुढे तेवढ्याच शुल्कात दोनशे वाहिन्या आल्या आणि घरातील दुसऱ्या टीव्हीसाठी हे शुल्क चाळीस टक्क्यांवर आणले गेले. जुलै २०२४ मध्ये मात्र ट्रायने या शुल्कावरील कमाल मर्यादाच काढून घेतली. म्हणजे एकही सशुल्क वाहिनी न घेणाऱ्या घरालाही काही रक्कम दरमहा द्यावीच लागते, आणि ज्यांच्याकडे दोन टीव्ही आहेत त्यांच्यावर तिचा भार अधिक पडतो.

पैशांइतकाच मला जाहिरातींचा त्रास होता. केबल टीव्हीच्या नियमांप्रमाणे तासाभरात बारा मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती दाखवता येत नाहीत; त्यांतील दहा मिनिटे व्यापारी जाहिरातींची आणि दोन मिनिटे वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांची. सासूबाई रोज रात्री पाहत असलेली एक मालिका मी आठवडाभर घड्याळ लावून पाहिली. अर्ध्या तासात मालिका सरासरी बावीस मिनिटे चालत असे, आणि आदल्या दिवशीचा सारांश व उद्याची झलक वजा केली तर नवीन कथा जेमतेम अठरा मिनिटांची उरे. सशुल्क वाहिनीसाठी पैसे मोजून वर या जाहिरातीही पाहायच्या, हे मला पटत नव्हते.

केबलवाल्यांविषयी एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. वादळवाऱ्यात तार तुटली तर त्यांच्याकडे कामाला असलेला मुलगा तासाभरात येत असे, आणि ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशीही तो शिडी घेऊन आलेला मी पाहिला आहे. नाशिकमध्ये ३१ मार्च २०१३ च्या मुदतीत सेट टॉप बॉक्स सक्तीचे झाले, तेव्हा घरोघरी बॉक्स बसवून रिमोट कसा वापरायचा हे ज्येष्ठांना याच मंडळींनी शिकवले होते. जोडणी बंद करताना मात्र त्रास झाला. फोनवर दोनदा सांगूनही पुढचे दोन महिने बिल येत राहिले, आणि अखेर बॉक्स परत करून त्याची तारखेसह पोच लेखी घेतली तेव्हाच ते थांबले. जे कोणी जोडणी बंद करतील त्यांनी पहिल्याच दिवशी पोच घ्यावी.

फ्री डिश ही दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीची सेवा आहे. डिसेंबर २००४ मध्ये ती डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. तिला मासिक शुल्क नाही; छत्री, बॉक्स, वायर आणि बसवण्याची मजुरी एवढाच एकदाचा खर्च. महात्मा गांधी रस्त्यावरील एका दुकानातून आम्ही हे सर्व १,८५० रुपयांत घेतले. बॉक्स घेताना तो एमपेग-४ या चित्र पाठवण्याच्या नव्या पद्धतीचा आहे याची खात्री करावी, कारण जुन्या एमपेग-२ बॉक्सवर काही वाहिन्या दिसतच नाहीत, आणि स्वस्त म्हणून तोच जुना बॉक्स गिऱ्हाइकाच्या हाती दिला जाण्याची शक्यता असते. सोसायटीच्या गच्चीवर छत्री लावायची असल्याने आम्ही आधी सचिवांची परवानगी घेतली.

छत्रीची दिशा हा या सेवेतला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि त्याविषयी दुकानदार फारसे बोलत नाहीत. फ्री डिशचे प्रक्षेपण जीसॅट-१५ या उपग्रहावरून होते. तो विषुववृत्ताच्या वर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. नाशिक ७४ अंशांच्या थोडे अलीकडे. त्यामुळे आपल्या गच्चीवरून पाहिले तर उपग्रह आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५८ अंश उंचीवर येतो. ज्या घराच्या आग्नेयेला उंच इमारत किंवा दाट झाड अगदी चिकटून आहे, त्या घरी ही सेवा नीट चालणार नाही, मग बॉक्स कितीही चांगला असो. आमच्या इमारतीची ती बाजू मोकळी आहे. कारागिराने बॉक्सच्या पडद्यावरील सिग्नलची पट्टी पाहत छत्री तसूतसूने फिरवली, आणि वीस मिनिटांत काम झाले. वायरच्या टोकाला पाणी शिरू नये म्हणून टेप गुंडाळून घ्यायला मात्र मीच सांगितले, आणि जून ते सप्टेंबर या काळात त्याचा उपयोग झाला.

पावसाळ्याचा प्रश्न येथे येतोच. या छत्र्या ज्या लहरींवर चालतात त्या मुसळधार पावसात पाण्याच्या थेंबांमुळे क्षीण होतात. हे कोणत्याही कंपनीच्या छत्रीला लागू आहे. जुलै-ऑगस्टमध्ये सरींचा जोर असला की चित्र दहा-पंधरा मिनिटे गोठते आणि जोर ओसरला की आपोआप परत येते. संततधार रिमझिमीचा काही परिणाम होत नाही. याच्या उलट, वीज गेल्यावर घरी इन्व्हर्टर असेल तर फ्री डिश सुरू राहते, कारण गल्लीतल्या कोणत्याही ॲम्प्लिफायरवर ती अवलंबून नाही. केबलच्या काळात आमच्या घरात दिवे सुरू आणि टीव्ही बंद असे अनेकदा होत असे.

वाहिन्यांविषयी अपेक्षा वास्तववादी ठेवाव्यात. फ्री डिशवर दूरदर्शनच्या वाहिन्या हक्काने मिळतात, त्यांत सह्याद्री आहे आणि डीडी स्पोर्ट्सही आहे. खासगी वाहिन्या मात्र प्रसार भारतीला पैसे देऊन, लिलावात जागा घेऊन येथे येतात, त्यामुळे त्यांची यादी कायम नसते. एप्रिल २०२२ मध्ये चार मोठ्या प्रसारण कंपन्यांनी आपल्या लोकप्रिय हिंदी वाहिन्या येथून काढून घेतल्या होत्या. एखादी विशिष्ट खासगी मालिका डोळ्यांसमोर ठेवून कोणी फ्री डिश घेऊ नये. जाहिराती येथेही आहेत. फुकट सेवेत त्या असणे मला मान्य आहे, कारण माझ्याकडून दुसरे काही घेतले जात नाही. चित्र बहुतांश वाहिन्यांवर साध्या दर्जाचे आहे. सासूबाईंच्या बत्तीस इंची टीव्हीवर ते चालून जाते, पण दिवाणखान्यातील मोठ्या पडद्यावर मी ते सुचवणार नाही.

क्रिकेटच्या बाबतीत फ्री डिशचा एक लाभ आहे, जो माझ्या पतींनाही आधी ठाऊक नव्हता. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचे प्रक्षेपण खासगी हक्कधारकाला प्रसार भारतीशी वाटून घ्यावे लागते. भारतीय संघाचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने त्यामुळे दूरदर्शनवर येऊ शकतात. मात्र ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयानुसार हे वाटून घेतलेले प्रक्षेपण दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यावर, म्हणजे जमिनीवरील प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दाखवता येते; केबलवाल्यांना ते पुढे दाखवता येत नाही. केबलवर दूरदर्शनची वाहिनी असूनही सामन्याच्या वेळी तेथे वेगळेच काही दिसते, त्याचे कारण हे आहे. सामन्याच्या दिवशी आता घरातील पुरुषमंडळी सासूबाईंच्या खोलीत जमतात आणि त्यांना त्याचे समाधान वाटते.

आता यूट्यूब प्रीमियमकडे वळते, कारण या वर्षात सर्वांत जास्त पैसे आम्ही त्यावरच खर्च केले आणि माझ्या मते ते योग्य होते. ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात त्याचे दर वाढले. एका व्यक्तीचा मासिक दर १२९ वरून १४९ रुपये झाला आणि फॅमिली प्लॅन १८९ वरून २९९ वर गेला. ही वाढ मोठी होती यात शंका नाही. तरीही फॅमिली प्लॅनमध्ये घेणारा धरून सहा जण येतात, आणि आम्ही पाच जण तो वापरतो, म्हणजे माणशी साठ रुपये पडतात. नियम असा आहे की हे सर्व एकाच पत्त्यावर राहणारे असावेत, त्यामुळे पुण्याच्या दिरांना आम्ही त्यात घेतले नाही. ज्यांना एवढे नको असेल त्यांच्यासाठी सप्टेंबर २०२५ अखेर ८९ रुपयांचा लाइट प्लॅन आला. मात्र त्यात गाण्यांच्या व्हिडिओंवर आणि शॉर्ट्सवर जाहिराती राहतात. आमच्या घरी सकाळी अभंग आणि संध्याकाळी नाट्यसंगीत टीव्हीवरच लागते, म्हणून तो आमच्या कामाचा नव्हता.

जाहिराती गेल्याने घरात काय फरक पडला, हे जरा सविस्तर सांगावेसे वाटते. पूर्वी सासूबाई हरिपाठ लावत तेव्हा मधेच मोठ्या आवाजात कसलीतरी जाहिरात येई आणि त्या रिमोट शोधू लागत. त्यांना दिसते कमी, त्यामुळे जाहिरात वगळण्याचे छोटे बटण त्यांच्या हाती लागत नसे. आता हरिपाठ सुरू झाला की शेवटपर्यंत चालतो. आठवीतील मुलगी गणिताचे पाठ पाहते, आणि पाच मिनिटांच्या उदाहरणात दोनदा खंड पडत असे तो पडत नाही. फोनचा पडदा बंद करूनही आवाज सुरू राहतो, त्यामुळे स्वयंपाक करताना मी व्याख्याने ऐकते. यूट्यूब म्युझिक यातच मिळत असल्याने गाण्यांसाठी वेगळी वर्गणी लागली नाही. प्रीमियमच्या पैशांतील वाटा व्हिडिओ करणाऱ्यांनाही जातो, हे मला महत्त्वाचे वाटते, कारण मराठीत कष्टाने चांगले काम करणारी कितीतरी माणसे आज यूट्यूबवरच आहेत. एक मर्यादा सांगायला हवी : व्हिडिओ करणारा स्वतःच मध्ये थांबून एखाद्या वस्तूची भलामण करू लागला तर ती प्रीमियम घेऊनही जात नाही.

पैसे न देता जाहिराती टाळण्याचा प्रयत्न आम्ही आधी केला होता. माझ्या भाच्याने घरच्या राउटरमध्ये डीएनएसची, म्हणजे संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या यंत्रणेची, मांडणी बदलून दिली. जाहिरातींचे जे पत्ते ठाऊक आहेत त्यांच्याकडे जाणारी वाटच अशा मांडणीत बंद होते. त्याने मुलांच्या खेळांतील आणि बातम्यांच्या पानांवरील जाहिराती खरोखर बऱ्याच कमी झाल्या. यूट्यूबवर मात्र काही फरक पडला नाही, कारण तेथे जाहिरात आणि व्हिडिओ एकाच ठिकाणाहून येतात. एक अडवली तर दुसराही अडतो. टीव्हीवरचे आणखी एक ॲप तर त्या मांडणीत उघडेनासे झाले. संगणकाच्या ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारी एक्स्टेन्शन्स चालतात, पण ती टीव्हीच्या ॲपमध्ये बसत नाहीत, आणि २०२३ पासून यूट्यूबने ती वापरणाऱ्यांचे व्हिडिओ थांबवायला सुरुवात केली. बदल केलेली चोरटी ॲप्स घालून देतो असे एका ओळखीच्या मुलाने सांगितले होते. त्याला मी ठाम नकार दिला. ज्या खात्याला आपला फोन, छायाचित्रे आणि ईमेल जोडलेले आहेत त्याचा पासवर्ड अनोळखी ॲपच्या हाती देणे हा मला अनाठायी धोका वाटतो.

बाकीच्या ॲप्सविषयी सांगण्यासारखे कमी आहे, पण जाहिरातींच्या दृष्टीने त्यांतील भेद समजून घेतले पाहिजेत. नेटफ्लिक्सचा भारतात जाहिरातींसह असा प्लॅनच नाही. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांनी दर उतरवले तेव्हापासून एका पडद्याचा बेसिक प्लॅन १९९ रुपयांत मिळतो. तो आम्ही मुलांच्या सुट्यांत दोन महिने घेतला. ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओवर १७ जून २०२५ पासून जाहिराती सुरू झाल्या, आणि त्या नको असतील तर १,४९९ रुपयांच्या वार्षिक वर्गणीवर आणखी ६९९ रुपये द्यावे लागतात. खरेदीच्या सोयीसाठी ज्यांच्याकडे प्राइम आहेच त्यांनी या वाढीव रकमेचा विचार स्वतंत्रपणे करावा. केवळ चित्रपटांसाठी २,१९८ रुपये मला जास्त वाटले. जिओहॉटस्टारचा प्रीमियम प्लॅन आम्ही श्रावणात तीन महिन्यांसाठी घेतला, तेव्हा त्याला ४९९ रुपये पडले. त्यात मालिका आणि चित्रपट जाहिरातींविना दिसतात, पण थेट प्रक्षेपण आणि क्रीडासामने यांतील जाहिराती राहतात, हे घेण्यापूर्वी माहीत असावे. त्याहून स्वस्त सुपर प्लॅनमध्ये तर सगळीकडेच जाहिराती आहेत. जाहिराती टाळण्यासाठीच पैसे द्यायचे असतील तर हा मधला प्लॅन घेण्यात अर्थ नाही.

एक चूक आमच्याकडून झाली. एका ॲपची वर्गणी महिनाभरासाठी म्हणून घेतली आणि ऑटोपे, म्हणजे दर महिन्याला आपोआप पैसे कापण्याची परवानगी, बंद करायचे राहिले. पैसे कापण्यापूर्वी चोवीस तास आधी सूचना येते, तशी ती आली होती, पण लग्नाच्या गडबडीत कोणी पाहिली नाही, आणि पुढच्या महिन्याचेही पैसे गेले. ते परत मिळाले नाहीत. तेव्हापासून मी वर्गणी घेते त्याच दिवशी यूपीआयमधील ऑटोपे रद्द करते. आम्ही घेतलेल्या सर्व सेवा त्यानंतरही मुदत संपेपर्यंत सुरू राहिल्या.

वर्षाचा हिशोब असा झाला. फ्री डिश १,८५०, यूट्यूब प्रीमियम ३,५८८, नेटफ्लिक्स ३९८ आणि जिओहॉटस्टार ४९९. एकूण ६,३३५ रुपये. चुकून गेलेले पैसे मी यात धरलेले नाहीत. केबलच्या ७,५०० च्या तुलनेत पहिल्या वर्षी १,१६५ रुपये वाचले. छत्रीचा खर्च पुन्हा येणार नाही, म्हणून दर असेच राहिले तर पुढील वर्षी तीन हजारांच्या आसपास वाचतील. निम्म्याहून अधिक बचत होईल अशी माझी समजूत होती, ती खरी ठरली नाही. ज्यांना केवळ पैसे वाचवायचे आहेत त्यांनी नुसती फ्री डिश घ्यावी. तिचा खर्च आमच्या जुन्या तीन महिन्यांच्या बिलातच निघतो.

या हिशोबात इंटरनेट नाही, हेही स्पष्ट करते. मुलाच्या अकरावीच्या अभ्यासासाठी आणि पतींच्या कामासाठी फायबर जोडणी आमच्याकडे आधीपासून होती. ज्यांच्याकडे ती नाही आणि जे केवळ टीव्हीसाठी ती घेणार आहेत, त्यांना महिना ५०० रुपयांचा प्लॅनही करासह ५९० ला, म्हणजे वर्षाला ७,०८० रुपयांना पडेल, आणि तेथेच सारी बचत संपेल. मोबाइलच्या डेटावर टीव्ही चालवण्याचा विचारही करू नये. चांगल्या दर्जाच्या चित्राला तासाला सुमारे तीन जीबी लागतात, त्यामुळे रोजच्या दीड जीबीत अर्धा तासच पाहता येईल.

सासूबाईंची मालिका हा एकच प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. जिओहॉटस्टारचा तीन महिन्यांचा पॅक संपला आणि मालिका दिसेनाशी झाली तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, पण रात्री आठ वाजता टीव्ही बंद करून खोलीत बसू लागल्या. मी विचारले, ‘‘आई, मालिका लावून देऊ का पुन्हा?’’ त्यावर त्या म्हणाल्या, ‘‘नको गं, त्यात तेच ते चाललंय. पण तिचं लग्न कधी आहे तेवढं सांग मला.’’ त्या लग्नाच्या आठवड्यासाठी एक महिन्याचा पॅक घ्यायचे मी ठरवले आहे, आणि ती रक्कम वहीत त्यांच्या नावावर आधीच लिहून ठेवली आहे.